ना ध्रुवपद, ना चेहरा

गाणे म्हटले की आपण ध्रुवपद धरूनच चालतो. अभंग असो, भारूड असो, लावणी असो, नाही तर रेडिओवरचे भावगीत असो. कडवे कितीही लांब गेले तरी शेवटी त्या एका ओळीशी परत यायचे, हे गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते. कीर्तनातले टाळकरी त्या ओळीचीच वाट पाहत असतात. ध्रुवपद काढून घेतले तर गाण्यात श्रोत्याने धरायचे काय, हा प्रश्न आपल्याला सहसा पडतही नाही.

२३ मार्च २००४ रोजी अमेरिकेत ‘मॅडव्हिलनी’ नावाचा रॅप संगीताचा अल्बम प्रसिद्ध झाला. त्यात २२ तुकडे आहेत आणि सगळे मिळून सुमारे ४६ मिनिटे भरतात. बहुतेक तुकडे तीन मिनिटांहून लहान आहेत, आणि ध्रुवपद जवळजवळ कुठेच नाही. रॅपर येतो, आपले कडवे म्हणतो आणि कडवे संपले की गाणेही संपते. मुखपृष्ठावर त्याचे कृष्णधवल छायाचित्र आहे, कोपऱ्यात छोटासा नारिंगी चौकोन आहे. पण चेहरा नाही. चेहऱ्याच्या जागी धातूचा मुखवटा आहे.

लोकप्रिय संगीताचा बाजार मुख्यतः दोन गोष्टी विकतो: तोंडात घोळणारी ओळ आणि भिंतीवर लावण्याजोगा चेहरा. या अल्बमने दोन्ही नाकारल्या. पुष्कळांनी ही विक्षिप्त कलावंताची लहर मानली. मला तसे वाटत नाही. या दोन्ही नकारांमागे एक निश्चित इतिहास आहे, आणि तो कळला की अल्बम ऐकण्याची रीतच बदलते. म्हणून आधी तो इतिहास.

दोन भाऊ

डॅनिएल डूमिले याचा जन्म १३ जुलै १९७१ रोजी लंडनमध्ये झाला. आई त्रिनिदादची, वडील झिम्बाब्वेचे. तो लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत आले आणि पुढे न्यूयॉर्कजवळ, लाँग आयलंडच्या किनाऱ्यावरील लाँग बीच या गावी तो वाढला. हिपहॉप त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत कूल हर्क या तरुणाने बहिणीच्या कार्यक्रमात तबकड्या वाजवल्या, तो या संगीताचा जन्मदिवस मानतात. गाण्यातला निव्वळ तालवाद्यांचा तुकडा दोन तबकड्यांवरून पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि त्यावर बोलायचे, ही मूळ कल्पना. सुरुवातीला त्या बोलण्यातले यमक सरळ असे. ओळ संपली की यमक. १९८७ साली एरिक बी आणि राकिम या जोडीचा ‘पेड इन फुल’ आला आणि राकिमने यमक ओळीच्या शेवटावरून उचलून ओळीच्या पोटात नेले. डॅनिएल तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याच्या पिढीने रॅपमधले काव्य इथून शिकले.

धाकटा भाऊ डिंगिलिझ्वे याच्यासह त्याने ‘केएमडी’ हा गट काढला. थोरल्याने ‘झेव्ह लव्ह एक्स’ हे नाव घेतले, धाकट्याने ‘सबरॉक’. १९९१ साली एलेक्ट्रा या मोठ्या कंपनीने त्यांचा ‘मिस्टर हूड’ प्रसिद्ध केला. खोडकर, हसरा अल्बम होता तो. दुसऱ्या अल्बमचे काम संपत आलेले असताना, एप्रिल १९९३ मध्ये, सबरॉक लाँग आयलंडवर महामार्ग ओलांडताना मोटारीखाली सापडून मरण पावला. वय अवघे १९. उरलेले काम थोरल्याने एकट्याने पुरे केले.

या दुसऱ्या अल्बमच्या मुखपृष्ठावर ‘सॅम्बो’ फासावर लटकलेला दाखवला होता. जाड ओठांचा, बटबटीत डोळ्यांचा हा काळा माणूस म्हणजे अमेरिकी व्यंगचित्रांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले कृष्णवर्णीयांचे अपमानचित्र. भावांचा अर्थ उघड होता: या चित्राला फाशी द्या. पण फासावरचा काळा माणूस पाहून व्यापारी नियतकालिकातून आक्षेप निघाला, आणि १९९४ साली कंपनीने अल्बम रद्द करून गटाशी करारही संपवला. वर्षभराच्या आत डॅनिएलचा भाऊही गेला आणि कामही गेले. त्यानंतरची काही वर्षे त्याने जवळजवळ बेघर अवस्थेत काढली. मॅनहॅटनच्या बाकांवर रात्री घालवल्याचे त्याने स्वतःच पुढे सांगितले आहे.

या घटनेत एक गोष्ट नीट पाहायला हवी. लोकांनी चित्र पाहिले. शब्द कोणी ऐकलेच नाहीत. अल्बम बाजारात आलाच नव्हता, तरी त्याच्यावर निर्णय झाला होता. पुढे मुखवटा चढवून ‘मला पाहू नका, माझे ऐका’ असे सांगणारा माणूस या जागी घडला, असे मी समजतो.

अंडरग्राउंड म्हणजे काय

‘अंडरग्राउंड’ या शब्दाला आता फॅशनचा वास लागला आहे. मराठी वाचकाला तो समजावून सांगायचा तर साठच्या दशकातील लघुअनियतकालिकांची आठवण काढावी. मोठी मासिके छापेनात, तेव्हा सायक्लोस्टाईल करून स्वतःच काढायचे, हातोहात वाटायचे. अमेरिकेतल्या रॅपच्या बाबतीत नव्वदच्या दशकात असेच घडले, आणि त्याला दोन बाहेरची कारणे होती.

पहिले कारण कायद्याचे. जुन्या तबकडीतला तुकडा उचलून त्यावर नवे गाणे रचणे हा हिपहॉपचा पाया. १९९१ साली बिझ मार्की या रॅपरविरुद्धच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या न्यायालयाने परवानगीशिवाय तुकडा घेणे म्हणजे चोरी, असा कडक निकाल दिला. त्यानंतर प्रत्येक तुकड्याची किंमत मोजणे भाग पडले आणि अनेक तुकडे एकमेकांत विणून केलेले संगीत मोठ्या कंपन्यांना परवडेनासे झाले. दुसरे कारण रेडिओचे. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती रेडिओ केंद्रे बाळगावीत, यावरची मर्यादा काढून टाकली. काही वर्षांतच एकट्या क्लिअर चॅनल कंपनीकडे बाराशेच्या आसपास केंद्रे जमा झाली. केंद्रे अनेक, पण काय वाजवायचे हे ठरवणारे थोडे. अशा रेडिओला चटकन ओळखू येणारे ध्रुवपद हवे असते. ज्याच्याकडे ते नाही, त्याला तिथे जागा नाही.

मग जागा उरली ती विद्यापीठांच्या रेडिओवर, लहान सभागृहांत आणि खोलीभर पसाऱ्यातून चालणाऱ्या छोट्या कंपन्यांत. कोलंबिया विद्यापीठाच्या डब्ल्यूकेसीआर केंद्रावरून १९९० ते १९९८ या काळात स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबिटो गार्सिया हे दोघे रात्री उशिरा कार्यक्रम करत. कंपनीशी करार नसलेले रॅपर तिथे येऊन थेट म्हणून जात. याच गार्सियाने १९९५ मध्ये ‘फॉन्डल एम’ ही छोटी कंपनी काढली. मॅनहॅटनमधील नुयोरिकन पोएट्स कॅफे हे मूळचे पोर्तोरिकन कवींनी १९७३ साली सुरू केलेले काव्यवाचनाचे ठिकाण. १९९७ च्या सुमारास तिथल्या मंचावर एक माणूस चेहऱ्यावर बायकांचा पायमोजा ओढून रॅप करू लागला. तो डॅनिएल होता.

पायमोज्याच्या जागी पुढे धातूचा मुखवटा आला आणि नाव झाले ‘एमएफ डूम’. १९६२ साली अमेरिकी चित्रकथांत अवतरलेला डॉक्टर डूम हा खलनायक विद्रूप झालेला चेहरा लोखंडी मुखवट्याआड लपवतो. आडनावातला ‘डूम’ही त्यात बसला. १९९९ साली ‘ऑपरेशन: डूम्सडे’ गार्सियाच्याच कंपनीने काढला. भावाच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी हा माणूस पुन्हा उभा राहिला होता, पण नव्या नावाने आणि चेहऱ्याशिवाय.

हॉटेलातली खोली

‘मॅडव्हिलनी’चा दुसरा अर्धा भाग म्हणजे मॅडलिब. खरे नाव ओटिस जॅक्सन ज्युनियर. जन्म १९७३, कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्ड. जुन्या तबकड्या धुंडाळायच्या, त्यातले काही सेकंद उचलायचे आणि त्यांची नवी वीण घालायची, हे याचे काम. लॉस एंजेलिसच्या ‘स्टोन्स थ्रो’ या स्वतंत्र कंपनीत तो होता आणि डूमबरोबर काम करायचे त्याच्या मनात होते.

२००२ च्या अखेरीस मॅडलिब ब्राझीलला गेला. साओ पाउलोच्या हॉटेलातील खोलीत त्याच्याजवळ फिरता तबकडीवादक, कॅसेटयंत्र आणि ‘बॉस एसपी-३०३’ हा छोटासा सॅम्पलर एवढीच सामग्री होती. गावातल्या दुकानांतून तबकड्या आणायच्या आणि रात्री खोलीत बसून ठेके बांधायचे. अल्बममधले अनेक तुकडे असे घडले. ‘कर्ल्स’ या तुकड्याचा गाभा ब्राझीलच्या वाल्दिर काल्मोन याच्या ऑर्गनवादनाचा आहे. ‘रेड’ची सुरुवात बिल एव्हान्स या जॅझ पियानोवादकाची. ‘स्ट्रेंज वेज’मध्ये जेंटल जायंट या ब्रिटिश रॉक चमूचा आवाज आहे. या साधेपणाचा परिणाम अल्बमच्या पोतावर झाला आहे. आवाज स्वच्छ नाही. तबकडीची खरखर ऐकू येते, काही ठेके मध्येच तुटल्यासारखे संपतात. जुना चित्रपट, रेडिओचे निवेदन, हसण्याचा आवाज हे सारे अधूनमधून शिरते. खलनायकांची एखादी मालिका लागली आहे आणि आपण ती शेजारच्या खोलीतून ऐकतो आहोत, असे वाटत राहते.

मॅडलिबचा हा हात आपल्याकडेही पोचला. २००७ साली त्याने ‘बीट कंडक्टा इन इंडिया’ या नावाने हिंदी चित्रपटसंगीताच्या जुन्या तबकड्यांतून असेच तुकडे विणले. मुंबईच्या स्टुडिओत वादकांनी वाजवलेले आणि आपण पडद्यावरच्या दृश्याबरोबर विसरून गेलेले सेकंद त्याला मोलाचे वाटले.

पाठभेद

संतवाङ्मयाचा अभ्यासक ज्याला पाठभेद म्हणतो, तसा प्रकार या अल्बमच्या बाबतीत घडला आहे आणि माझ्या मते अल्बम समजण्याची खरी किल्ली तिथे आहे.

कच्चे ध्वनिमुद्रण प्रसिद्धीच्या सुमारे १४ महिने आधीच चोरीला जाऊन इंटरनेटवर पसरले. दोघांनीही हाय खाल्ली आणि अल्बम बाजूला ठेवून ते दुसऱ्या कामांना लागले. मॅडलिबने जे डिलाबरोबर ‘चॅम्पियन साउंड’ केला. डूमने २००३ या एकाच वर्षी ‘किंग गीडोरा’ आणि ‘व्हिक्टर व्हॉन’ अशा दोन वेगळ्या नावांनी दोन अल्बम काढले. मग केव्हातरी ते परतले आणि डूमने आपली कडवी नव्याने म्हटली.

हा कच्चा मसुदा पुढे अधिकृतपणेही उपलब्ध झाला. दोन्ही शेजारी ठेवून ऐकावेत. शब्द बरेचसे तेच आहेत; बदलला आहे तो आवाज. मसुद्यात डूम वरच्या पट्टीत, जोर लावून, समोरच्याला जिंकायच्या ईर्ष्येने म्हणतो. नव्या पाठात तो खाली उतरला आहे. आवाज घोगरा, सावकाश, जवळजवळ स्वतःशी बोलल्यासारखा. रॅप म्हणजे आव्हान, ही या प्रकाराची जुनी परंपरा. ती उतरवून ठेवल्यावर शब्दांची वीण उघडी पडली. गायक जोर लावतो तेव्हा आपण जोर ऐकतो. तो शांत झाला की बोल ऐकू येतात. चोरीमुळे झालेला उशीर अल्बमच्या कामी आला, असे म्हणावे लागते.

यमकाचे काम

हे बोल कसे ऐकावेत? मोरोपंतांच्या आर्या शाळेत पाठ केलेल्या मराठी वाचकाला इथे फार अडचण येऊ नये. यमक हा केवळ शेवटच्या अक्षराचा मेळ नाही, हे त्याला माहीत आहे. एक ओबडधोबड उदाहरण मीच रचून देतो: ‘ओसरीवर बसला’ आणि ‘दुसरीवर रुसला’. इथे एक अक्षर नव्हे, अक्षरांची अख्खी माळ जुळते. डूम अशी माळ दोन ओळींवर सोडत नाही. ‘फिगारो’ या तुकड्यात तो एकच स्वरमाळ ओळीमागून ओळी चालवत नेतो. शब्द बदलतात, अर्थ कुठल्या कुठे जातो, पण कानातला आकार तोच राहतो.

रॅपची ओळ साधारण चार ठोक्यांची असते आणि यमक चौथ्या ठोक्यावर पडते, जशी तबल्यात सम. डूम यमक कधी दुसऱ्याच ठोक्यावर टाकतो, तर कधी ओळ ओलांडून पुढच्या ओळीच्या पोटात. त्याची आणखी एक आवडती खोडी आहे. यमकाने श्रोत्याच्या मनात एखादा शब्द, बहुधा अचकट किंवा हिंसक, आधीच तयार होतो. आणि तो ऐन वेळी भलताच निरुपद्रवी शब्द ठेवून पुढे निघून जातो. शिवी आपल्या मनात उमटते, त्याच्या तोंडून येत नाही.

ध्रुवपद नसल्याचा उपयोग इथे कळतो. ध्रुवपद ही विसाव्याची जागा. ती मिळाली की मागच्या कडव्यात काय निसटले याची खंत राहत नाही. डूम विसावा देत नाही. त्यामुळे निसटलेले परत मिळवायचे तर पूर्ण तुकडा पुन्हा ऐकावा लागतो. ‘अकॉर्डियन’ हा अल्बमच्या सुरुवातीचाच तुकडा, दोन मिनिटांहूनही लहान. अकॉर्डियनची एक उदास फिरकी आणि तिच्यावर हातातून निसटणाऱ्या वेळेविषयीचे बोलणे. पहिल्यांदा मजकूर हाती न घेता ऐकावा, मग मजकूर समोर ठेवून, आणि तिसऱ्यांदा मजकूर मिटून. तिसऱ्या वेळी मी या माणसाच्या प्रेमात पडलो.

आणि ही नुसती कारागिरी नाही. अल्बम आला तेव्हा इराक युद्धाला वर्ष झाले होते. ‘स्ट्रेंज वेज’मध्ये अमली पदार्थ विकणारी पोरे आणि त्यांच्या मागावरचे पोलीस यांच्यापासून निघून तो थेट युद्धावर येतो, दोन्हीकडे तरुण मरतात आणि दोन्हीकडे कारण सांगणारे वेगळे असतात. आवाज मात्र तोच, थंड.

‘फॅन्सी क्लाउन’ हा तर कथनाचा नमुना आहे. त्यात व्हिक्टर व्हॉन आपल्या प्रेयसीवर चिडला आहे, कारण ती कुणा मुखवटेवाल्याच्या नादी लागली आहे. व्हिक्टर व्हॉन म्हणजे डूम, मुखवटेवालाही डूम. स्वतःच स्वतःचा मत्सर करणारा हा नायक विनोदी आहेच, पण किती नावांत या माणसाने स्वतःला वाटून टाकले आहे हेही तिथे दिसते. अभंगाच्या शेवटी संतकवी आपले नाव तृतीयपुरुषी गुंफतो, तसा डूमही स्वतःचा उल्लेख ‘तो’ असाच करतो. संतकवीची नाममुद्रा रचना कोणाची हे सांगते; डूमचे नाव मात्र सांगणाऱ्यालाच आड करते. ‘ऑल कॅप्स’ या तुकड्यात त्याने आपले नाव सगळे मोठ्या अक्षरांत लिहावे अशी ताकीद दिली आहे. देवनागरीत मोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे या लेखापुरता मी तिचा भंग करतो आहे.

दोषही सांगायला हवेत. गांजाची थट्टा काही ठिकाणी लांबते, आणि स्त्रियांविषयीची भाषा बऱ्याचदा त्या काळच्या रॅपच्या सवयीचीच आहे. एवढ्या बारकाईने शब्द पारखणाऱ्याकडून ही सवय खटकते.

मुखवट्याची किंमत

अल्बम बिलबोर्डच्या यादीत १७९व्या स्थानापर्यंत पोचला. हा आकडा मोठा नाही. पण अशा संगीताच्या चाहत्यांत ‘मॅडव्हिलनी’चे स्थान पुढच्या वर्षांत वाढतच गेले.

मुखवट्याचा प्रयोग मात्र डूमवर उलटलाही. २००७ च्या सुमारास काही कार्यक्रमांत मुखवट्याआड भलताच माणूस उभा होता, अशा तक्रारी आल्या. डूमने ते पुढे नाकारले नाही; मी लेखकही आहे आणि दिग्दर्शकही, पात्र कोणी करायचे ते मी ठरवतो, अशी त्याची भूमिका होती. तर्क बरोबर आहे. चेहरा महत्त्वाचा नसेल, तर मुखवट्याआड कोण याने काय फरक पडतो? पण तिकीट काढून आलेला श्रोता फसला, हेही तितकेच खरे. लोक शब्दांसाठी आले होते, आणि शब्दांना शरीर लागते. हा हिशेब डूमला सोडवता आला नाही.

सीमेवरच्या अधिकाऱ्यासमोर मुखवटा चालत नाही. लहानपणापासून अमेरिकेत वाढूनही डूम तिथला नागरिक झालेला नव्हता. २०१० साली युरोपच्या दौऱ्यावरून परतताना त्याला प्रवेश नाकारण्यात आला. ज्या देशाच्या बोलीत त्याने आयुष्यभर यमके जुळवली, त्या देशाने त्याला बाहेर ठेवले. पुढचा काळ त्याने इंग्लंडमध्ये, म्हणजे जिथे तो जन्मला त्याच देशात, काढला. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तो गेला. पत्नीने ही बातमी जाहीर केली ती ३१ डिसेंबरला. दोन महिने जगाला पत्ताही नव्हता.

२०२१ साली लाँग बीचमध्ये, ज्या वस्तीत हे भाऊ वाढले, तिथल्या रस्त्याला ‘केएमडी-एमएफ डूम वे’ असे नाव देण्यात आले. त्या नावात आधी येते केएमडी, म्हणजे दोन्ही भाऊ, डूम त्यानंतर. चेहरा कुठेच नाही, फक्त अक्षरे आहेत. एके काळी ज्याचे चित्र पाहून शब्द न ऐकताच त्याला घरी पाठवले होते, त्याची आठवण ठेवायला एवढे पुरेसे आहे.